गुरुजी आहेत का?

काशीच्या पक्का महाल या जुन्या भागात दूधविनायक नावाची वस्ती आहे. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट आणि त्यांच्या मागच्या या गल्ल्या, एवढ्या टापूत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि बनारसी बोली, पाठशाळेत संस्कृत आणि शाळा-कॉलेजात इंग्रजी अशा चार भाषा इथल्या माणसाच्या वाट्याला येतात. इंग्रजीतली एक छोटी पण भल्याभल्यांना चकवणारी गोष्ट समजून घ्यायला असे घर फार सोयीचे आहे.

समजा, अशाच एका घराची कडी वाजली आणि कुणी विचारले, "गुरुजी आहेत का?" मराठीत प्रश्न इथे पुरा झाला. कुठे आहेत, हे कुणी विचारले नाही. दारात उभे राहून विचारले म्हणजे घरात, हे दोघांनाही कळते. हिंदीत "गुरुजी हैं?" म्हटले तरी तेच. इंग्रजीत मात्र "इज गुरुजी?" एवढ्यावर भागत नाही. ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो. "इज गुरुजी इन?" म्हटल्यावरच त्याचे समाधान होते.

आता उत्तरे पाहू. "ही इज इन" म्हणजे घरात आहेत. "ही इज आउट" म्हणजे बाहेर गेलेत, बहुधा दिवेलागणीपर्यंत येतील. "ही इज अवे" म्हणजे गावाला गेलेत, आज वाट पाहू नका. "ही इज ऑफ टू प्रयाग" म्हणजे प्रयागला निघाले. "ही इज बॅक" म्हणजे परत आलेत. "ही इज अराउंड" म्हणजे इथेच कुठेतरी आहेत, शेजारी किंवा घाटावर. आणि पहाटे कुणी आले तर "ही इज अप", म्हणजे उठलेत.

सातही उत्तरांत क्रियापद एकच, "इज". फिरते ते फक्त त्याच्या मागून येणारे एक-दोन अक्षरांचे क्रियाविशेषण. मराठी उत्तरांत मात्र क्रियापदच बदलत राहते: आहेत, गेलेत, निघाले, परत आलेत, उठलेत. मराठी माणूस काय घडले ते सांगतो आणि पुढचे ऐकणाऱ्यावर सोपवतो. इंग्रज ते घडून गेल्यावर आता काय स्थिती आहे ते सांगतो आणि काय घडले ते ऐकणाऱ्याने ओळखायचे असते. "बी" या क्रियापदामागून येणाऱ्या क्रियाविशेषणांचे सगळे कोडे या एका फरकात आहे.

गतीचे शब्द, स्थितीचे क्रियापद

इन, आउट, ऑन, ऑफ, अप, डाउन, बॅक, अवे, ओव्हर, थ्रू हे शब्द मुळात दिशा दाखवतात. जाणे, येणे, चढणे, उतरणे यांच्या सोबतीने ते वावरतात. इंग्रजी त्यांना उचलते आणि ज्यात हालचालच नाही अशा "बी" या क्रियापदाशेजारी बसवते. मग गती थांबते आणि तिची परिणती तेवढी उरते. "गो आउट" म्हणजे बाहेर जाणे. "बी आउट" म्हणजे बाहेर जाऊन झालेले असणे.

मराठीला हे निम्मेच जमते. "गुरुजी आत आहेत", "बाहेर आहेत", "वर आहेत", "खाली आहेत", "जवळच आहेत" ही सगळी वाक्ये ठीक आहेत, कारण आत, बाहेर, वर, खाली हे ठिकाण सांगणारे शब्द आहेत. पण "गुरुजी परत आहेत" असे कुणी म्हणत नाही. म्हटलेच तर "पुन्हा आहेत" असा भलताच अर्थ निघेल. "परत" या शब्दाला येणे-जाणे लागते. "निघून", "उठून", "संपून" यांचेही तसेच. ठिकाणाचे शब्द "आहे"जवळ राहतात आणि हालचालीचे शब्द हालचालीच्या क्रियापदाकडे जातात, अशी मराठीची वाटणी आहे. इंग्रजी ही वाटणी पाळत नाही. तिच्याकडे "इन" हा ठिकाणाचा शब्द आणि "बॅक" हा परतीचा शब्द एकाच रांगेत उभे असतात.

म्हणून मराठीतून इंग्रजीत येणाऱ्याला "ही इज इन" सहज येते आणि "ही इज बॅक" सुचत नाही. तो "ही हॅज कम बॅक" म्हणतो. ते चूक नाही. पण दारात उभ्या असलेल्या माणसाला सांगायला इंग्रज घर दहातल्या नऊ वेळा "बॅक"वरच थांबते.

"वर" या शब्दाचा तर वेगळाच घोटाळा. काशीतली जुनी घरे उंच आणि अरुंद असतात, तेव्हा "आजोबा वर आहेत" म्हणजे माडीवर आहेत. त्याचे "ही इज अप" केले तर ऐकणारा समजेल की आजोबा झोपेतून उठलेत. माडीसाठी "अपस्टेअर्स" हा शब्द हवा. आणि "आजोबा वर गेले" या वाक्याचा काशीत काय अर्थ घ्यायचा, हे सांगणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहूनच ठरवावे.

लागणे, जाणे, संपणे

मराठीत या कामाला जुंपलेली काही हुकमी क्रियापदे आहेत. त्यांतले सर्वांत कष्टाळू "लागणे". दिवा लागला: "द लाइट इज ऑन". निकाल लागला: "द रिझल्ट्स आर आउट". गाडी फलाटाला लागली: "द ट्रेन इज इन". थेटरात नवा सिनेमा लागला: "द न्यू फिल्म इज ऑन". मराठीत चारही ठिकाणी क्रियापद एक आणि इंग्रजीत क्रियाविशेषणे तीन. दिव्याचा आणि सिनेमाचा "ऑन" चालू असण्याचा, निकालाचा "आउट" बंद पाकिटातून बाहेर पडण्याचा, गाडीचा "इन" बाहेरून आत येऊन थांबण्याचा. "लागणे" या एका शब्दात मराठीने जे एकत्र बांधले, ते इंग्रजीने दिशांप्रमाणे वेगळे काढले.

दुसरे क्रियापद "जाणे". लाईट गेली: "द पॉवर इज आउट". लाईट आली: "द पॉवर इज बॅक". इथे आपल्याकडे हमखास "लाइट हॅज गॉन" ऐकू येते. ते "लाईट गेली"चे शब्दशः रूप आहे. भारतात कुणालाही ते कळते, पण बाहेरच्या माणसाला क्षणभर वाटते की कुणी दिवाच काढून नेला.

तिसरे "संपणे". सामना संपला: "द मॅच इज ओव्हर". वेळ संपली: "टाइम इज अप". साखर संपली: "वुई आर आउट ऑफ शुगर". संपण्याच्या या तिन्ही प्रकारांत इंग्रजी फरक करते. सामना सुरुवातीपासून शेवटापर्यंत ओलांडून झाला म्हणून "ओव्हर". वेळेचे माप काठोकाठ भरले म्हणून "अप". साखरेच्या बाबतीत तर वाक्याचा कर्ताच बदलतो आणि आपण साखरेच्या बाहेर पडतो.

दुधाचीही गंमत आहे. "द मिल्क इज ऑफ" म्हणजे दूध नासले. ब्रिटनमध्ये हे रोजचे वाक्य आहे. "ऑफ" म्हणजे जिथे असायला हवे तिथून सुटलेले. दिव्याचा "ऑफ", रद्द झालेल्या बैठकीचा "ऑफ", रजेवर असलेल्या कारकुनाचा "ऑफ" आणि नासलेल्या दुधाचा "ऑफ" या सर्वांत हा सुटण्याचा धागा आहे. चार वेगवेगळे अर्थ पाठ करण्यापेक्षा हा एक धागा लक्षात ठेवणे सोपे.

पावसाळ्यात काशीच्या घाटांवर सर्वांत महत्त्वाची बातमी असते ती गंगेच्या पातळीची. राजघाटच्या मोजणीनुसार इशाऱ्याची पातळी ७०.२६२ मीटर आणि धोक्याची ७१.२६२ मीटर आहे. १९७८ च्या पुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत गेले होते. आपण म्हणतो, गंगा चढली, गंगा उतरली. इंग्रजीत "द रिव्हर इज अप", "द रिव्हर इज डाउन". या "अप"मध्ये एक तुलना दडलेली आहे. पाणी किती मीटरवर आहे ते तो सांगत नाही. आधी जिथे होते त्यापेक्षा वर आहे, एवढेच सांगतो. बाजारभावाचा "प्राइसेस आर अप" आणि उगवलेल्या सूर्याचा "द सन इज अप" याच जातीचे. "अप" म्हणताना इंग्रजाच्या मनात खालची पातळी असते. स्थिती सांगणाऱ्या वाक्यात गतीची आठवण शिल्लक राहते ती अशी.

अस्, भू आणि वस्

व्याकरणाचा प्रश्न काशीत निघाला की तो संस्कृतापर्यंत जाणारच. या शहरात १७९१ मध्ये जोनाथन डंकन याने संस्कृत पाठशाळा काढली. तीच पुढे बनारस संस्कृत कॉलेज झाली आणि तिच्याच जागी आज संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिचा कारभार जेम्स बॅलन्टाइन या स्कॉटिश पंडिताकडे होता. काशीला येण्यापूर्वी, १८३९ मध्ये, त्याने मराठी भाषेचे व्याकरण इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केले होते. काशीत त्याने लघुकौमुदी हे संस्कृत व्याकरणाचे पाठ्यपुस्तक इंग्रजीत आणले. १८२१ मध्ये जन्मलेले बापूदेव शास्त्री त्याच कॉलेजात गणित आणि ज्योतिष शिकवत. महाराष्ट्रातून आलेल्या या पंडिताचे सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये कलकत्त्याला छापले गेले. इंग्रजी आणि संस्कृत व्याकरण इथे समोरासमोर बसले होते आणि मधे मराठी माणूस होता.

या दोन भाषा शेजारी ठेवल्या की "बी" हे क्रियापद उलगडते. शाळेत मुलांना ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बी, बीन अशी रूपे पाठ करावी लागतात आणि ती एकमेकांसारखी का दिसत नाहीत, हे कुणी सांगत नाही. कारण साधे आहे: ती एका क्रियापदाची रूपे नव्हतीच. ॲम आणि इज यांचे मूळ तेच, जे संस्कृतात अस् या धातूचे. बी आणि बीन यांचे मूळ भू या धातूचे. वॉज आणि वेअर यांचे नाते वस्, म्हणजे राहणे, या धातूशी. असणे, होणे आणि राहणे या तीन क्रियांची मोडतोड होऊन इंग्रजीचे एक क्रियापद उभे राहिले. मराठीने असणे आणि होणे वेगळे ठेवले, इंग्रजीने ते एकात मिसळले. ही गोष्ट शेवटी पुन्हा कामाला येणार आहे.

असण्याची क्रिया इतकी हलकी का, याचाही विचार जुन्या वैयाकरणांनी केला होता. कात्यायनाच्या एका वार्तिकाचा आशय असा, की ज्या वाक्यात क्रियापद उच्चारलेले नसते तिथे "आहे" हे अध्याहृत धरावे. "हा माझा भाऊ" या मराठी वाक्यात आपण नेमके तेच करतो. जे क्रियापद न उच्चारताही कळते, त्यात स्वतःचा अर्थ किती असणार? इंग्रजीत ते गाळता येत नाही, पण बोलताना इतके आखडते की "आय ॲम ऑफ"चे "आय्‌म ऑफ" होते, "ही इज इन"चे "हीज इन". आवाजाचा जोर पडतो तो शेवटच्या क्रियाविशेषणावर. "बी" ही भिंतीतली खुंटी आहे. तिच्यावर काय टांगले आहे, ते महत्त्वाचे.

नागेशापुढे एक शंका

मग वाक्याचा अर्थ खुंटीचा की टांगलेल्या वस्तूचा? हा प्रश्न काशीला नवा नाही. संस्कृतात हृ या एका धातूपासून आहार, विहार, संहार, प्रहार असे परस्परांशी संबंध नसलेले शब्द होतात. बदलतो तो फक्त उपसर्ग. तर अर्थ उपसर्गात असतो का? प्राचीन व्युत्पत्तिकार यास्काने आपल्या निरुक्तात या वादाच्या दोन्ही बाजू नोंदवल्या आहेत. शाकटायनाच्या मते उपसर्गाला एकट्याला अर्थ नाही, तो दुसऱ्या शब्दाचा अर्थ उजळतो. गार्ग्याच्या मते उपसर्गांना स्वतःचे निरनिराळे अर्थ आहेत. पुढे या दोन बाजूंना द्योतक आणि वाचक अशी नावे पडली.

नागेश भट्ट, आडनाव काळे, हे सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्याच्या पूर्वार्धात काशीत राहिलेले मराठी वैयाकरण. परिभाषेन्दुशेखर, लघुशब्देन्दुशेखर आणि वैयाकरणसिद्धान्तमंजूषा हे त्यांचे ग्रंथ संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासात आजही शेवटचा शब्द मानले जातात. परिभाषेन्दुशेखराचे इंग्रजी भाषांतर पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना फ्रान्झ कीलहॉर्न याने केले. नागेश द्योतक पक्षाचे: अर्थ धातूत आधीपासून असतोच, उपसर्ग तो उजेडात आणतो.

हृ धातूच्या बाबतीत हे पटते. पण "बी" समोर ठेवला तर? निघणे, परतणे, उठणे, संपणे, नासणे हे सगळे अर्थ "बी"मध्ये आधीपासून लपलेले होते आणि ऑफ, बॅक, अप, ओव्हर यांनी फक्त दिवा दाखवला, असे मानायला मन तयार होत नाही. इथे गार्ग्याचे पारडे जड वाटते. नागेशांकडे उत्तर नसेल असे नाही. धातूंना अनेक अर्थ असतात, हे तत्त्व वैयाकरणांच्या भात्यात असतेच. पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने निकाल स्पष्ट आहे. इंग्रजी शब्दकोशात हे वाक्प्रयोग "बी"खाली शोधण्यापेक्षा मागून येणाऱ्या क्रियाविशेषणाखाली शोधावेत. अर्थाचा पत्ता तिकडचा.

उपसर्ग आधी येतो आणि इंग्रजी क्रियाविशेषण नंतर, मग ही तुलना कशी चालेल, अशी शंका इथे निघेल. तिचे उत्तर पाणिनीनेच दिले आहे. उपसर्ग धातूच्या आधी येतो हा नियम सांगून लगेच पुढच्या दोन सूत्रांत तो म्हणतो, की वेदात तो नंतरही येतो आणि मधे दुसरे शब्दही येऊ शकतात. म्हणजे आपल्याकडेही हे शब्द एके काळी मोकळे फिरत होते. नंतर ते धातूला पुढून कायमचे चिकटले. इंग्रजीत त्यांचा मोकळेपणा टिकला.

आणि भू धातूला चिकटलेले उपसर्ग तर आपल्या रोजच्या मराठीत आहेत: अनुभव, पराभव, उद्भव, संभव. उद्भव म्हणजे वर येऊन असणे, पुरातल्या "इज अप"चा दूरचा भाऊ म्हणावा असा. फरक एवढाच, की भू म्हणजे होणे, म्हणून या शब्दांतही घटना आहे, स्थिती नाही. संस्कृताकडून मराठीला घडण्याचीच बाजू मिळाली.

इंग्रजीही पूर्वी या बाजूच्या जवळ होती. १६११ च्या इंग्रजी बायबलच्या काळी "ही हॅज कम"च्या जागी "ही इज कम" ही रचना सर्रास चाले. आपल्या "तो आला आहे"चीच ती रचना: क्रियापदाचे रूप आणि त्याला "आहे"चा आधार. पुढे ही जागा "हॅव"ने घेतली. "ही इज गॉन" एवढे एक मागे राहिले आणि आजही बोलण्यात येते.

ऑलवेज कुठे बसवायचा?

आतापर्यंतची क्रियाविशेषणे स्थिती सांगणारी होती. दुसरी जात आहे ती वारंवारतेची आणि काळाची: ऑलवेज, ऑफन, नेव्हर, स्टिल, ऑलरेडी, जस्ट. यांची जागा शोधताना मराठी माणूस अडखळतो, कारण मराठीत क्रियापद शेवटी असते आणि क्रियाविशेषण आपोआप त्याच्या आधी येते. "ते नेहमी घरात असतात", "ते नेहमी उशिरा येतात": दोन्ही वाक्यांत "नेहमी" तिथेच.

इंग्रजीत ही दोन वाक्ये फुटतात. "ही ऑलवेज कम्स लेट", पण "ही इज ऑलवेज इन". बाकीच्या क्रियापदांच्या आधी "ऑलवेज" आणि "बी"च्या मात्र नंतर. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्यांनी इंग्रजी गिरवले, त्यांनी असे नियम घोकून पक्के केले. घोकंपट्टी नको असेल तर कारण लक्षात ठेवावे. इंग्रजी वाक्यात कॅन, विल, हॅव यांसारख्या सहायक क्रियापदांनंतर अशा शब्दांची जागा असते: "ही हॅज ऑलवेज टॉट". "बी" एकटा असला तरी सहायकासारखाच वागतो. "नॉट"ही त्याच्यामागेच येतो आणि प्रश्न करताना तोच कर्त्याच्या पुढे जातो. म्हणून "ऑलवेज"ही त्याच्या मागे.

दोन्ही जाती एका वाक्यात आल्या तर क्रम ठरलेला: आधी "बी", मग वारंवारता किंवा काळ, मग स्थिती, शेवटी ठिकाण आणि वेळ. "ही इज ऑलवेज अप बाय फोर": ते चारपर्यंत नेहमी उठलेले असतात. "द मॅच इज ऑलरेडी ओव्हर": सामना केव्हाच संपला. "शी इज ऑफन अवे इन मे": मे महिन्यात ती बरेचदा गावाला असते. "येट" मात्र वाक्याच्या शेवटी जातो: "ही इज नॉट बॅक येट".

एक अपवाद बोलण्यात सारखा भेटतो. "बी" वाक्याच्या शेवटी आला तर क्रियाविशेषण त्याच्या आधी जाते. "इज ही लेट?" याला उत्तर, "येस, ही ऑलवेज इज." आणि शेवटी आलेला "बी" आखडत नाही. "आय नो व्हेअर ही इज" यात "हीज" करून चालत नाही, कारण इथे जोर त्या "इज"वरच येतो. खुंटीवर काही टांगलेले नसले की खुंटीच दिसते.

छान, वेल आणि काशीला जाऊन येणे

तिसरी जात रीत सांगणाऱ्या क्रियाविशेषणांची: क्विकली, स्लोली, ब्यूटिफुली. ही "बी"च्या मागे सहसा येत नाहीत. मराठीत "ती छान आहे" आणि "ती छान गाते" दोन्हीकडे "छान" चालते. इंग्रजीत पहिल्याला "शी इज नाइस" आणि दुसऱ्याला "शी सिंग्ज नाइसली". "शी इज नाइसली" होत नाही. असण्याला रीत नसते, म्हणून रीत सांगणारा शब्द तिथे बसत नाही. "आय ॲम वेल" हे वाक्य या नियमाविरुद्ध वाटते, पण तिथला "वेल" विशेषण आहे आणि त्याचा अर्थ "प्रकृती ठीक आहे" असा.

चौथी गोष्ट फक्त "बीन" या रूपापुरती. "ही इज टू काशी" हे चूक. पण "ही हॅज बीन टू काशी" अगदी बरोबर. या "बीन"चा अर्थ जाऊन परत आलेला. "ही हॅज गॉन टू काशी" म्हणजे गेला आहे आणि अजून तिकडेच आहे. मराठीत हा भेद इतका नेमका आहे की इंग्रजीचा नियम समजावायची गरजच पडू नये: "काशीला जाऊन आला" आणि "काशीला गेलाय". यात्रा करून आलेल्या काकूंबद्दल "शी हॅज गॉन टू काशी" म्हणणाऱ्याने काकूंना अजून घाटावरच बसवून ठेवले आहे.

आउट आहे, आउट झाला

आता उलट दिशेने पाहू. गेल्या शंभर-दीडशे वर्षांत मराठीने ही इंग्रजी क्रियाविशेषणे मोठ्या हौसेने घेतली. पंखा ऑन आहे, मोबाइल ऑफ आहे, बँकेत सर्व्हर डाउन आहे, आज माझा ऑफ आहे. "परत आहे" न चालवणारी मराठी "डाउन आहे" बिनदिक्कत चालवते. परका शब्द कुठल्या क्रियापदाजवळ राहायचा, याचे जुने बंधन त्याला लागू होत नाही. म्हणून स्थितीची इंग्रजी रचना आपल्या भाषेत या पाहुण्या शब्दांच्या बोटाला धरून शिरली. हिंदीतही "सर्वर डाउन है" असेच ऐकू येते, आणि काशीतल्या मराठी घरात दोन्हीकडून एकच सवय लागते.

पण घेताना मराठीने आपली वाटणी सोडली नाही. मैदानावर चेंडू यष्ट्यांवर आदळला की मुले ओरडतात, "आउट झाला!" पायचीतचे अपील असले आणि पंचांनी बोट वर केले की म्हणतात, "आउट आहे." पहिल्यात घटना, दुसऱ्यात निकाल. इंग्रजीत दोन्ही वेळा "ही इज आउट". तसेच "सर्व्हर डाउन झाला" आणि "सर्व्हर डाउन आहे": पहिल्यात आत्ताच पडला ही खबर, दुसऱ्यात रांगेत उभे राहण्यात अर्थ नाही हा सल्ला. "दिवा ऑन केला", "ऑन झाला", "ऑन आहे" अशी तीन पायऱ्यांची शिडी मराठीने एका "ऑन"वर उभी केली. त्याच सवयीने आपण इंग्रजी बोलताना "ऑन द लाइट" म्हणतो, कारण आपल्या डोक्यात "ऑन" हे "करणे"च्या जवळ बसलेले असते. इंग्रजीत तो शब्द एकटा क्रियापद होत नाही. "स्विच ऑन" किंवा "टर्न ऑन" म्हणावे लागते.

इंग्रजीने अस् आणि भू एकात मिसळले, त्याचा हिशोब इथे चुकता होतो. असणे आणि होणे ही जोडी मराठीने मोडली नाही, म्हणून उसना शब्दही ती दोन बाजूंनी वापरू शकते. इंग्रजी शिकताना या जोडीला थोडा वेळ आवरावे लागते. काय झाले ते सांगायची उबळ दाबून आता काय आहे ते सांगावे लागते: "निघालो" असे मनात आले की "आय ॲम ऑफ", "आलो" असे आले की "आय ॲम बॅक", "संपले" असे आले की "इट इज ओव्हर". ही सवय कोष्टकाने लागत नाही, दिवसभरात तोंडी येणाऱ्या अशा दहा-बारा मराठी क्रियापदांवर लक्ष ठेवले की लागते. पुढच्या वेळी घरात कुणी "लाईट गेली" म्हणून ओरडले, तर अंधारात मेणबत्ती शोधता शोधता हा सराव करून पाहायला हरकत नाही. सवड तेवढी नक्की मिळते.